हरणीला तरी विचारा

कुत्रीला घेऊन कुणीही दवाखान्यात आलं की आप्पा तिच्याकडे बघायच्या आधी मालकाला विचारत, "पाणी किती पिती?"

"पिती की," मालक म्हणे.

"किती?"

"आता पिती तेवढं पिती, आप्पा."

"मग जावा घरला. तांब्यानं मोजा आणि उद्या या."

आणि खरंच परत पाठवत. चिकोडीहून एसटी बदलून आलेला शेतकरी असो की मोठ्या मोटारीतून उतरलेला बागायतदार, दोघांना न्याय एकच. जनावर अगदीच मान टाकून आलं असेल तरच मोजणी माफ. "हे डॉक्टर हायेत का तलाठी?" असं पुटपुटत लोक चपला घालत. दुसऱ्या दिवशी तेच लोक दारातूनच ओरडत, "साडेसहा तांबे, आप्पा!"

आप्पा गेल्या वर्षी गेले. त्यांच्याकडे मी तीन वर्षं काम केलं. पशुवैद्यकीची पदवी घेऊन निपाणीला परत आले तेव्हा आमच्या विहारामागच्या गल्लीतली मी पहिली डॉक्टर होते. आजीची हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली, आई शिक्षिका, आणि मी डॉक्टर. पण जनावरांची म्हटल्यावर गल्लीला अभिमान वाटायचा आणि हसूही यायचं. माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आप्पा चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत दवाखाना मांडून बसले. उंच, थोडे वाकलेले, खिशाला कायम पेनाचा निळा डाग. सूर्य मावळायच्या आत जेवण. माणसांशी ते मराठीत बोलत, कुत्र्यांशी कन्नडमध्ये आणि औषधांशी इंग्रजीत. बुजलेल्या कुत्रीला "बा इल्ली, बा," म्हणून जवळ बोलावत, आणि सलाईन अडलं की बाटलीकडे बघून "कम ऑन, कम ऑन," करत. आम्ही हसलो की त्यांना कळत नसे आम्ही कशाला हसतोय. प्रत्येक कुत्रीला ते आक्का म्हणत. नर असला तर नुसतं "ए."

भिंतीवर त्यांनी एक मराठी आणि एक कन्नड अशी दोन कॅलेंडरं शेजारीशेजारी लावली होती. त्यांच्या चौकोनांत एकादशी-अमावास्येच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: "गळतगा, काळी." "बोरगाव, भुरी." कुठल्या गावची कुठली कुत्री कुठल्या दिवशी माजावर आली याची ती नोंद. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "बाईची तारीख चुकली तर तिला कळतं. हिची कुणाला कळणार? भिंतीला तरी कळू दे."

ते वेड नव्हतं, हे मला हळूहळू समजलं. माज येऊन गेला की महिना-दोन महिन्यांनी काही कुत्र्यांच्या गर्भपिशवीत पू साठतो. कुत्री पाणी पाणी करते, खाणं सोडते, पोट वाढतं. मालकाला वाढलेलं पोट तेवढं दिसतं आणि तो खूश होतो. म्हणून तारखेपासून महिना झाला की आप्पा स्वतः फोन लावत आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारत, "पाणी वाढलं का?" कितीतरी कुत्र्या त्या एका फोनवर वाचल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

पण या देवमाणसात एक मोठी खोट होती. ते कुणाला काही समजावून सांगत नसत आणि कुणाला काही विचारत नसत. पाण्याचे तांबे सोडून. कुठल्या कुत्रीची पिशवी काढायची आणि कुणाची औषधावर वाचवायची, हे ते ठरवणार. मालकाने तोंड उघडलं की, "डॉक्टर मी हाय न्हवं?" संपलं.

मला याचा प्रसाद पहिल्याच महिन्यात मिळाला. फ्रिजमध्ये एका स्टीलच्या डब्यात ते एक छोटी बाटली ठेवत. पिलांसाठी जपायची कुत्री असेल तर पिशवी न काढता आतला पू बाहेर पाडायचं ते इंजेक्शन. एकदा मी डबा काढून द्यायला गेले तर आप्पा केवढ्याने ओरडले, "त्याला हात लावायचा न्हाई तू! ठेव खाली."

हात लावायचा नाही. हे तीन शब्द आमच्या घरात आजीने ऐकलेत, आजीच्या आईने ऐकलेत. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मला वाटलं ते वाटलंच. पुढे चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग एक दिवस आप्पा खेड्यावर गेले होते आणि मी हट्टाने तो डबा उघडला. बाटलीभोवती गुंडाळलेला कागद वाचला. औषध कातडीतून आत जातं, दिवस गेलेल्या किंवा जाऊ शकतील अशा बायकांनी आणि दम्याच्या रोग्यांनी जपावं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.  संध्याकाळी आप्पा आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"सांगायला काय झालं होतं, आप्पा?"

"सांगायचं काय त्यात? अंगाला लागलं असतं तर तुलाच तरास."

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. आप्पांनी चष्मा काढला. तो शर्टाला पुसला.

"तसं वाटलं व्हय तुला?" म्हणाले. "चार महिने?"

सूर्य बुडायला आला तरी त्यांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर हातमोज्यांची जोडी ठेवली आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मला मोठ्याने वाचून दाखवला. मला रडू आलं आणि हसूही. पण सुधारले ते माझ्यापुरते. बाकीच्या जगाला "डॉक्टर मी हाय न्हवं?" चालूच राहिलं.

ते थांबवलं वडगावच्या काकूंनी.

काकू बेळगावजवळच्या वडगावात राहायच्या. घरात हातमाग, त्यावर साडी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. नवऱ्याला कारवानी कुत्र्यांचा नाद होता. त्या लांबोडक्या, पातळ पोटाच्या कुत्र्यांची एक ओळ त्याने वीस वर्षं राखली आणि पिलं गावोगाव नुसती देऊन टाकली. आजारी कुत्र्याला घेऊन तो निपाणीपर्यंत आप्पांकडे येई. त्या ओळीतली शेवटची म्हणजे हरणी. काकूंनी तिला यंदा एका चांगल्या नराला दाखवली होती आणि महिन्याभराने आप्पा वडगावात जाऊन तिचं पोट तपासून आले होते.

मी म्हणत होते, बेळगावात मशीनवर पोट बघून घेऊ. आप्पांनी दहाही बोटं माझ्यापुढे नाचवली. "ही काय कमी हायेत? चार पिलं हायेत. लिहून ठेव." आणि कॅलेंडरवर बाळंतपणाची तारीख लिहिली.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. हरणीचं डोहाळजेवण आहे, दोघांनी यायचंच. आप्पांना आमंत्रण मोडणं ठाऊक नव्हतं. आम्ही काकतीवरून वडगावात पोचलो तेव्हा मागाच्या खोलीत सात-आठ बायका जमल्या होत्या. काकूंनी स्वतः विणलेला हिरवा खण हरणीच्या पाठीवर बांधला होता, गळ्यात अबोलीचा गजरा. गुळाचा भात, करंज्या, सगळं साग्रसंगीत. एक शेजारीण पाळण्याचं गाणं म्हणत होती. मला आधी हसू फुटलं, मग काकूंचं तोंड बघून ते जिरलं. इतका आनंद मी फार थोड्या माणसांच्या तोंडावर बघितलाय.

मग दोन वाट्या झाकून आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. जी उघडेल त्यावरून मुलगा का मुलगी ते ठरणार. बायका "पेढा, पेढा" करू लागल्या. हरणीने दोन्ही वाट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. उठली, मागाशेजारच्या पाण्याच्या घमेल्यापाशी गेली आणि पिऊ लागली. परत आली, बसली, पुन्हा उठून गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा माझं लक्ष आप्पांकडे गेलं. त्यांच्या हातातला करंजीचा तुकडा तसाच होता.

"काकू, ही जेवती का?"

"चार दिस झाले तोंड लावंना. डोहाळे कडक हायती म्हटलं."

आप्पा खाली बसले. खणाची मागची बाजू उचलली. हिरव्यावर तपकिरी-लाल डाग होता. बोट लावून त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले. गाणं केव्हाच थांबलं होतं.

"पिलं न्हाईत, काकू. पिशवीत पू झालाय."

"असं कसं? पोरं हायती म्हणून तुमीच सांगितलंसा न्हवं?"

"व्हय. मीच सांगितलं. माझं चुकलं." मग सगळ्या बायकांकडे वळून, शाळेतल्या पोरासारखे उभे राहून, ते पुन्हा म्हणाले, "माझ्या बोटांचं चुकलं. ही पोरगी म्हणत हुती मशीनवर बघूया. मी ऐकलं न्हाई."

त्या दुपारी बेळगावात मशीनवर बघितलं. पिलू एकही नव्हतं, पिशवी पुवाने तट्ट फुगलेली. रक्तही तपासलं. मूत्रपिंडं अजून शाबूत होती. आम्ही हरणीला घेऊन वडगावात परत आलो आणि आप्पांनी निकाल दिला, "उद्या सकाळी पिशवी काढायची. डॉक्टर..."

"न्हाय," काकू म्हणाल्या.

आप्पांना हा शब्द ऐकायची सवय नव्हती.

काकूंनी मागाच्या फळीवर बसून, आमच्याकडे न बघता सांगितलं, "मी अठ्ठावीस वर्सांची हुते. पोटात कळ यायची म्हणून दवाखान्यात गेलते. शुद्धीवर आले तवा पिशवी न्हवती. कागदावर सही मालकांची घेतली, सासूबाईंशी बोलले. सगळ्यास्नी इचारलं, मला सोडून. मी तितंच खाटंवर हुते की. माझी पिशवी, आन् मला कुणी इचारलं न्हाय." मग हरणीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला तरी इचारा, आप्पा."

आता आप्पा "डॉक्टर मी हाय न्हवं?" म्हणणार, म्हणून मी मनातल्या मनात कान झाकले. पण ते वळले. हरणीपाशी गेले आणि तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. कन्नडमध्ये हळू आवाजात बोलू लागले. मला कन्नड येतं. ते खरोखरच विचारत होते. आक्का, असं झालंय. एक वाट अशी, एक वाट अशी. काढली तर तू वाचशील, पण पिलं होणार नाहीत. औषध दिलं तर पिलं होतील कदाचित, पण पिशवी फुटली तर तू जाशील. आयुष्यात पहिल्यांदा ते एका रोग्याला सगळं समजावून सांगत होते. अर्धा तास तरी गेला असेल. शेजारच्या घरातला माग खटखटत होता.

शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठले. "इचारलं, काकू. ती काय बोलली न्हाई. मग तिच्या वतीनं कोण बोलणार? मी न्हाई. तुमी सांगा."

"मी?"

"तुमी. मी दोन्ही सांगतो, सगळं सांगतो. मग तुमी ठरवायचं."

आणि त्यांनी सांगितलं. पिशवीचं तोंड थोडं उघडं आहे, म्हणून औषधाची आशा धरता येते. पाच-सहा दिवस इंजेक्शन, दिवसातून दोनदा. दरवेळी तासभर तिचे हाल होतील, लाळ गळेल, उलट्या होतील, कळा येतील. ताप चढला किंवा पोट ताठरलं तर वाट न बघता कापावं लागेल. बरी झाली तर पुढच्याच माजाला पिलं घ्यायची आणि त्यानंतर पिशवी काढायची, नाहीतर हे दुखणं परत येतं. "तिसऱ्या दिवशी तुमी मला शिव्या घालशीला," म्हणाले. काकूंनी चार प्रश्न विचारले, आप्पांनी चारांची उत्तरं दिली. मी भिंतीला टेकून बघत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता.

"औषध द्या," काकू म्हणाल्या. "पर ताप आला तर कापा. माझ्या हौसेपायी ती मरायला नको."

निपाणीच्या दवाखान्याच्या दारावर आप्पांनी पाटी लावायला सांगितली: "आप्पा वडगावात आहेत. आक्का आजारी आहे." निम्मं निपाणी त्यांच्या घरी फळं घेऊन बहिणीची चौकशी करायला गेलं. इकडे आप्पा वडगावाशेजारी शहापुरातल्या जैन बस्तीत, देवळाच्या खोलीत मुक्कामाला. मी रोज ये-जा करत होते. सकाळी मी सलाईन लावायची, हातमोजे घालून आप्पा इंजेक्शन देणार, आणि मग हरणीला दोरीला धरून गल्लीत चालवत राहायचं. चालवलं की कळा सोसतात, असा त्यांचा अनुभव. दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज, मध्ये धापा टाकणारी, लाळ गाळणारी कुत्री, तिच्या एका बाजूला आप्पा आणि दुसऱ्या बाजूला काकू. कुत्री थांबली की दोघं थांबत. ती ओकली की काकू पदराने तिचं तोंड पुसत.

तिसऱ्या दिवशी काकूंनी शिव्या घातल्या. हरणी गल्लीतच आडवी झाली, पोट आत ओढून कण्हायला लागली. "कसाई हाईसा तुमी!" काकू भर रस्त्यात ओरडल्या. "मी काय म्हटलं म्हणून तुमी ऐकायचं व्हय? डॉक्टर कोन, मी का तुमी?"

मी आप्पांकडे बघायचं टाळलं.

"ताप न्हाई, पोट मऊ हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "थांबवू म्हणालासा तर आत्ता थांबवतो, उद्या पिशवी काढतो. सांगा."

काकू तिथेच धुळीत बसल्या, हरणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडल्या. बऱ्याच वेळाने हरणी आपणहून उठली, दोन पावलं गेली, आणि पाठीमागून धो धो घाण वाहिली. इतकी दुर्गंधी की समोरचा माग बंद करून माणूस बाहेर आला. आप्पा आनंदाने जवळजवळ नाचले. "आलं, आलं! कम ऑन, आक्का, कम ऑन!" कुत्रीशी इंग्रजीत बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं.

सहाव्या दिवशी हरणीने भाकरी खाल्ली. मशीनवर पिशवी रिकामी दिसली. बोटं दाखवायची आप्पांची सवय त्या दिवसापासून गेली. आणि दवाखान्यात ते लोकांना विचारू लागले, इतकं की लोक वैतागले. "आप्पा, तुमीच काय ते ठरवा की!" "मी कोण ठरवणार? दोन वाटा हायेत. बसा, सांगतो." रांग दारापर्यंत जाई आणि मी चरफडत असे.

पुढच्या माजाला हरणी गाभण राहिली. तीन पिलं झाली. डोहाळजेवण काकूंनी केलं नाही, मशीनवरचा फोटो तेवढा देवापाशी ठेवला. पिलं दोन महिन्यांची होऊन दूध तुटल्यावर ठरल्याप्रमाणे काकू हरणीला निपाणीला घेऊन आल्या. आप्पांनी त्यांना पुन्हा विचारलं. काकू म्हणाल्या, "काढा. पर मला हितंच उभं ऱ्हायाचं हाय. मला बघायची हाय."

आप्पांचे हात तोवर थरथरायला लागले होते. ऑपरेशन मी केलं. ते हरणीचं डोकं धरून कन्नडमध्ये काहीबाही पुटपुटत बसले होते. पिशवी काढून मी ट्रेमध्ये ठेवली. निरोगी, आकसलेली, दोन बारीक दोऱ्यांसारखी. काकू पुढे आल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"एवढीच असती व्हय?"

"एवढीच," मी म्हटलं. "बाईची जरा मोठी. मुठीएवढी."

काकूंनी आपली मूठ वळून बघितली. मग विचारलं, "माझी कुठं टाकली असंल हो, आप्पा?"

माझे टाके घालणारे हात थांबले.  आप्पांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"मला न्हाई ठावं, काकू," म्हणाले. "तुमाला त्या येळी कुणीतरी इचारायला पायजे हुतं."

मी शेवटचा टाका घातला. आप्पांनी हरणीचं डोकं अलगद चादरीवर ठेवलं, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि मागच्या परसात गेले. काकू ट्रे दोन्ही हातांत धरून त्यांच्या मागोमाग गेल्या. मी खिडकीतून बघत होते. भर दुपार होती. आप्पांनी भिंतीकडेला कुदळ टेकवली, खड्ड्याचा पहिला घाव घालणार तेवढ्यात थांबले आणि वळले.

"हितं करू का, काकू? का दुसरीकडं?"

काकूंनी सगळं परस एकदा नजरेखालून घातलं. घाई केली नाही.

"तितं ऊन लागतंय," त्या म्हणाल्या. "हितं, लिंबाखाली करा."